जैतबा नाईकाचं सातवं पान

लोक फिरायला काश्मीरला जातात, केरळला जातात. मी गेल्या महिन्यात वाकड, पिंपळे गुरव आणि महाळुंगे असा तीन दिवसांचा दौरा केला आणि मिरजेला सुखरूप परत आलो. हसू नका. काश्मीरला जाणाऱ्याला फार तर थंडी सोसावी लागते. मला दोन हट्टी म्हातारे, एक हट्टी म्हातारी आणि चाकणचा रस्ता एवढं सगळं सोसावं लागलं.

म्हातारी म्हणजे आमची इंदूआत्या. वय एक्याऐंशी. तिचा खुबा पार झिजलाय, तो बदलायचा होता. डॉक्टरांनी गुरुवार दिला आणि आदल्या शनिवारी आत्यानं जाहीर केलं, "मी येणार नाही."

"का गं?"

"बेशुद्ध करणार ना? आणि उठले नाही तर? जैतबा तिकडं दोराला लटकलेला आणि मी इकडं निघून जायचं? जमायचं नाही."

जैतबा नाईक आमचा नातेवाईक नव्हे. तो ना. य. सुपनेकरांच्या नऊ कादंबऱ्यांचा नायक. शिवकाळातला हेर, डावखुरा, खादाड, बोलण्यात कुणाला हार न जाणारा. आमच्या गल्लीत वाचनालयातून एकच प्रत यायची आणि ती पहिल्यांदा आत्याकडे जायची. कुणाची हरकत असेल तर त्यानं आत्याशी बोलावं, अशी पद्धत होती. कुणीच बोललं नाही. मी शाळेत मार खाल्ला तो गणिताच्या तासाला जैतबा वाचताना, आणि पुढे हौशी रंगभूमीवर पंचवीस वर्षं पहिल्या अंकात मरणाऱ्या सरदारांची कामं केली तीही त्याच्यामुळेच.

नववा भाग संपला तेव्हा जैतबा वेताळकड्यावर एका दोराला लटकत होता. वर शत्रू, खाली दरी. दहावा भाग आलाच नाही. वाचकांनी प्रकाशकाला पत्रं लिहिली, मग प्रकाशनच बंद पडलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझे केस गळून गेले, जैतबा लटकलेलाच.

"सुध्या," आत्या म्हणाली, "ते सुपनेकर अजून आहेत म्हणे. जा आणि विचारून ये. जगला की मेला. एवढंच."

सोमवार: वाकड

सुपनेकर वाकडला मुलीकडे राहतात, सतराव्या मजल्यावर. आमच्या मिरजेत कुणाच्या घरी जायचं तर दारातून हाक मारतात. वाकडात माणसाला आधी फोनमधून जावं लागतं. गेटवरच्या रखवालदारानं माझा फोटो काढला, नाव टाकलं आणि मला भिंतीला लावून उभं केलं.

"वरून मंजुरी आली की सोडतो बघा, काका."

मंजुरी द्यायची ती मुलीनं, आणि मुलगी घरातच ऑफिसच्या मीटिंगमध्ये. पाऊण तास झाला. आत पिझ्झा गेला, किराणा गेला, एक गादी गेली, एक कुत्रा अंघोळ करून परत गेला. मी तसाच. अखेर मी आकाशाकडे हात करून माझ्या नाटकातल्या आवाजात म्हणालो, "जैतबा असता तर एव्हाना पाइपावरून चढला असता!"

रखवालदार वळला. "कोन? जैतबा नाईक?"

"तुम्ही वाचलंय?"

"माझा बाप वाचायचा हो! परभणीला. आम्ही भावंडं ऐकत बसायचो." तो जवळ आला. "मग तेच्यासाठी आलाव का? वरचं म्हातारं म्हंजे तेच लिहिणारं?" त्यानं लगेच फोन उचलला, वर दोनदा वाजवला आणि मला आत ढकललं. "जाताना सांगून जा बरं का. मेला असंल तर नका सांगू."

दार मुलीनं उघडलं. सुपनेकरांची माझ्या मनातली मूर्ती म्हणजे पिळदार मिशा आणि भिंतीवर ढाल-तलवार. प्रत्यक्षात नातवाचा टी-शर्ट घातलेले शहाऐंशी वर्षांचे गृहस्थ खिडकीशी बसून खालच्या गाड्यांना शिव्या देत होते. मी साष्टांग घातला.

"पाय सोडा. गुदगुल्या होतात."

मी पाय सोडले आणि थेट विचारलं, "जैतबा जगला का मेला?"

"लिहिलंय मी."

"कुठंय?"

"त्या मूर्खाकडं."

मूर्ख म्हणजे रशीद अत्तार. पिंपळे गुरवच्या एका लहानशा छापखान्यात तो शिशाचे खिळे जुळवायचा, म्हणजे एकेक अक्षर हातानं लावून ओळ आणि ओळींचं पान करायचा. नऊच्या नऊ भाग त्यानंच जुळवले. दहाव्याची पहिली सात पानं त्याच्या हातात पडली, त्यानं सहा जुळवली आणि थांबला. सहाव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं: दोर तुटला.

"म्हणाला, साहेब, मी जैतबाला मारणार नाही. दुसऱ्या कुणाकडून मारून घ्या. कागदही देईना. मी म्हटलं, जुळवशील तर तूच जुळवशील, नाहीतर राहू दे."

"दुसऱ्या छापखान्यात का नाही दिलंत?"

मुलीनं न बोलता फ्रिजवरची एक चिठ्ठी काढून माझ्या हातात ठेवली. वडिलांनी लिहिलेली औषधांची यादी. शाईत पाय बुडवलेल्या मुंग्यांची मिरवणूक गेल्यासारखं अक्षर. "आमच्या मेडिकलवाल्यानंही हात टेकले," ती म्हणाली. "बाबांचं अक्षर जगात एकाच माणसाला वाचता यायचं."

"मग तोंडी सांगा ना, साहेब! आमची आत्या..."

"मी सांगत नसतो. लिहितो. सांगायचं असतं तर कीर्तनकार झालो असतो."

"रशीदभाईंना तरी सांगायचं होतं, पुढं काय आहे ते!"

"पान न उलटता निकाल देणाऱ्याला मी विनवण्या करू?" म्हातारा कडाडला. तीस-बत्तीस वर्षं जुना राग, पण अगदी ताजा. मग मुलीनं मोमो मागवले. ज्या माणसानं माझ्या तोंडाला मावळातल्या नाचणीच्या भाकरीची चव लावली, त्याच्या घरी मी लाल चटणीत बुडवून मोमो खाल्ले. त्यांनी माझ्यापेक्षा दोन जास्त खाल्ले.

मंगळवार: पिंपळे गुरव

छापखान्याच्या जागी व्यायामशाळा आहे. आत दहा-बारा तरुण जागच्या जागी पळत होते. त्यांच्यापैकी कुणाला छापखाना म्हणजे काय हे विचारण्यात अर्थ नव्हता. शेजारी एका चार मजली इमारतीच्या दारात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पांढरी टोपी घातलेले एक दादा बसले होते. इमारत त्यांचीच. तिच्याखालची ज्वारीही एकेकाळी त्यांचीच.

"रशीद व्हय? ठावं हाय की. पण तुमी कोण?"

"सुपनेकरांचा वाचक."

"सगळेच म्हंत्यात वाचक हाय." दादांनी डोळे बारीक केले. "लाखी घोडी कुठल्या भागात गेली?"

"चौथ्या."

"बराबर. ती गेली तवा आमच्या आळीत कोण धड जेवलं न्हाई. आता सांगा, तिचं शिंगरू जैतबानं कुणापाशी ठिवलं?"

पंचवीस वर्षं संवाद पाठ केलेला माणूस मी, पण शिंगरू काही आठवेना.

"चाकणच्या लोहारापाशी!" दादा मांडीवर थाप मारून ओरडले. "तिसऱ्या भागात! अन म्हणं वाचक! नापास! जेवून जा आता."

नापास झाल्याची शिक्षा म्हणून बाजरीची भाकरी आणि काळ्या मसाल्याची मटकी खावी लागली. आमच्याकडे ज्वारीची भाकरी आणि लालभडक कांदा-लसूण चटणी. त्या सवयीनं मी वरून तिखट मागितलं, तेव्हा दादांच्या सूनबाई म्हणाल्या, "आधी खाऊन बगा, मग मागा." दुसऱ्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. पाणी देताना दादांनी पत्ता दिला. "म्हाळुंग्याला ऱ्हातो. पोराचं ग्यारेज हाय."

मी मोबाइलवर महाळुंगे टाकलं, गाडी आली, आणि थोड्याच वेळात मी महाळुंग्यात उतरलो. एवढा सुखाचा प्रवास झाल्याबरोबर मला संशय यायला हवा होता. समोर वाकडसारखेच मनोरे. गॅरेजचं नाव काढलं तर लोक कीव आल्यासारखे बघत. शेवटी एका फुलवाल्या मावशी म्हणाल्या, "अहो, हे बालेवाडीकडचं महाळुंगे. तुम्हाला चाकणचं हवंय. ते तिकडं राहिलं." त्यांनी हात केला तो मी आलो त्या दिशेला, आणि त्याच्याही पलीकडे.

ड्रायव्हर म्हणाला, "सर, तुम्ही लोकेशन टाकलं, मी आणलं."

पुढच्या अडीच तासांबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण त्यात काही घडलंच नाही. फक्त एक दृश्य सांगतो. शेजारच्या ट्रेलरवर नव्याकोऱ्या गाड्या रांगेत बसून कंपनीतून निघाल्या होत्या. एकही चाक न फिरवता त्या माझ्या पुढे निघून गेल्या.

मंगळवार दुपार: खरं महाळुंगे

कंपन्यांच्या दोन भिंतींमध्ये, जिथं शिफ्टच्या बसगाड्या वळतात, तिथं ते गॅरेज. आत एक म्हातारा खुर्चीवर बसून नटबोल्ट निवडत होता. समोर लाकडी खण, लहान लहान घरांचा. प्रत्येक घरात एकेका मापाचा स्क्रू. म्हातारा खणाकडे बघत नव्हता. बोटं आपोआप योग्य घरात जात होती. तो छापखान्यातला खिळ्यांचा खण होता.

"रशीदभाई," मी म्हणालो, "जैतबाचं काय झालं?"

हात थांबला. "साहेबांनी पाठवलं?"

"आत्यानं."

मी सगळं सांगितलं. खुबा, गुरुवार, दोर. ते शांतपणे ऐकत होते. त्यांचा मुलगा सलीम एका मोटरसायकलचं पोट उघडून बसला होता, त्यानंही पाना खाली ठेवला.

"पुढचं पान वाचलं का नाही हो तुम्ही? उलटायचं तर होतं!"

"मी आधी कधीच वाचत न्हाई," रशीदभाई म्हणाले. "जुळवता जुळवता वाचायचं. एकेक अक्षर. त्यातच मजा हाय. रातच्याला घरी गेलं की बायको ताट वाढायच्या आधी विचारायची, आज जैतबा कुठवर आला? जेवढं जुळवलं तेवढंच सांगायचो. त्या दिवशी दोर तुटला. घरी जाऊन काय सांगू? म्हटलं, काम बंद हाय." त्यांनी हातातला स्क्रू त्याच्या घरात टाकला. "ती गेली आता. पण तिच्या हिशेबी जैतबा लटकलेलाच हाय. म्हंजे जिता हाय."

बाहेरून बस गेली, तिचा धूर आत आला.

"आणि मेला निघाला," रशीदभाईंनी विचारलं, "तर आत्याला सांगणार?"

"खोटं सांगेन. मी नट आहे."

"मग वाचायलाच कशाला पायजे? आत्ताच फोन करून खोटं सांगा."

"तिला कळतं," मी म्हणालो. "माझं खोटं तिला लहानपणापासून कळतं."

"अब्बा," सलीम म्हणाला, "वाचा ना आता. आमी पोरांनी तुमच्या तोंडून नऊ भाग ऐकले. दहाव्याला तुमी पेटीवर बसून ऱ्हायलात."

रशीदभाईंनी साबणानं हात धुतले, कोपरापर्यंत. आतून एक पत्र्याची पेटी आणली. प्लॅस्टिकमध्ये कापड, कापडात वर्तमानपत्र, त्यात सात कागद. सहावं पान त्यांनी पालथं ठेवलं. सातवं हातात घेतलं, चष्मा सारखा केला, आणि ज्या मुंग्या जगात कुणाला वाचता येत नाहीत त्या घडाघडा वाचायला लागले.

"दोर तुटला नव्हता. जैतबानंच तो कापला होता. वरून गनीम त्याला ओढून घेत होता, हे त्यानं हातातल्या ताणावरून ओळखलं..."

मी किंचाळलो. सलीमनं मला धरलं. एक गिऱ्हाईक गाडी न घेताच दोन पावलं मागं सरलं. जैतबा कपारीतल्या करवंदीच्या जाळीत पडला! अंग सोललं, पण जिवंत! मी सलीमला मिठी मारून नाचत होतो. एक पान! पान उलटलं असतं तर तीस वर्षं वाचली असती! दोन माणसांनी एकमेकांवर रुसून अख्ख्या महाराष्ट्राला टांगून ठेवलं होतं.

"...त्यानं ओठांवर बोटं ठेवून शीळ घातली. खालच्या अंधारातून ओळखीचं खिंकाळणं आलं. लाखी आली होती."

रशीदभाई थांबले. कागद खाली आला.

"लाखी?"

"हो! लाखी!" मी अजून नाचत होतो.

"लाखी चौथ्या भागात मेली. मीच जुळवलं ते पान. डोळ्यांत पाणी आलं म्हणून दोन ओळी उलट्या लागल्या होत्या."

मी थांबलो. "म्हणजे चूकच. पण घोडी आली काय, न आली काय. जगला ना?"

"कड्याखाली गनिमाची चौकी हाय. पायी किती पळणार? पकडला जाणार. पकडला तर मेला." बोलता बोलता त्यांच्या चेहऱ्यावर एक विलक्षण आनंद पसरला. "साहेबांची चूक! दर भागात एक सापडायची मला. ही घावलीच न्हाई, कारण मी वाचलंच न्हाई. सलीम, उद्या सकाळी गाडी काढ."

जैतबा पुन्हा लटकला. या वेळी दोराशिवाय.

बुधवार: पुन्हा वाकड

रस्ता तोच, फक्त उलट्या दिशेनं, त्यामुळे वगळतो. गेटवर रखवालदारानं रशीदभाईंचा फोटो काढला आणि विचारलं, "कामाचं स्वरूप?"

"प्रूफ आणलंय," रशीदभाई म्हणाले.

रखवालदारानं फोनमध्ये शोधलं. तसा पर्याय नव्हता. त्यानं 'डिलिव्हरी' दाबलं आणि माझ्या कानाशी आला. "जिता हाय का?"

"संध्याकाळपर्यंत सांगतो."

वर दोघं म्हातारे एकमेकांसमोर उभे राहिले. मला वाटलं मिठी मारतील. मी डोळे पुसायला रुमालही काढला होता.

"सातवं पान वाचलंस?" सुपनेकरांनी विचारलं.

"वाचलं."

"उशीर केलास."

"चूक हाय."

"माझी?"

"तुमचीच."

मुलीनं चौथा भाग शोधून आणला. रशीदभाईंनी न चाळता नेमकं पान उघडलं आणि समोर धरलं. सुपनेकरांनी भिंग लावून वाचलं. बराच वेळ वाचलं. मग अगदी लहान आवाजात विचारलं, "मी मारली तिला?"

"तुमीच मारली."

"का मारली?"

"मीबी तेच विचारलं होतं तवा. तुमी म्हणालात, विचारू नको, जुळव."

रुमाल मी खिशात ठेवत होतो, तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्या. संध्याकाळी तिला दवाखान्यात भरती व्हायचं होतं, आणि ती पिशवी न भरता पलंगावर बसून होती.

"काय झालं? सांग."

मी आयुष्यातला सर्वोत्तम आवाज लावला. "आत्या, जगला!"

"कसा?"

"दोर त्यानंच कापला! करवंदीत पडला, शीळ घातली, आणि..."

"आणि?"

"आणि... घोडी आली."

"कुठली घोडी?"

मी दोघा म्हाताऱ्यांकडे बघितलं. दोघांनीही माझ्याकडून मान फिरवली. "लाखी."

मग आत्या थकल्या आवाजात म्हणाली, "सुध्या, लाखी चौथ्यात गेली. मला ऑपरेशनला पाठवायला थापा मारायला लागलास? लाज नाही वाटत?"

सुपनेकरांनी हात पुढं केला. मी फोन दिला. "बाई, चूक त्याची नाही. माझी आहे."

"आपण कोण?"

"सुपनेकर."

आत्या गप्प झाली. पन्नास वर्षांत आत्याला गप्प करणारा हा पहिला माणूस, पण तेही जेमतेम दोन श्वासांपुरतं. मग ती बोलायला लागली आणि फोन स्पीकरवर नसतानाही आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"तुम्ही का? बरं झालं सापडलात! शिंगराचं काय केलंत?"

"कुठलं शिंगरू?"

"लाखीचं! तिसऱ्या भागात चाकणच्या लोहाराकडं ठेवलंत आणि विसरलात! प्रत्येक भागात मी वाट बघत होते, आता येईल, आता येईल. एव्हाना पाच-सहा वर्षांचं उमदं जनावर झालं असेल. आईला बोलवायची शीळ त्याला कळणार नाही होय?"

मला पिंपळे गुरवच्या दादांची थाप मांडीवर बसल्यासारखी वाटली. काल दुपारी उत्तर माझ्या ताटात वाढलं होतं आणि मी तिखट मागत बसलो होतो.

"पण लोहार कड्याखाली कसा?" रशीदभाई पुटपुटले.

"चौकीतल्या घोड्यांना नाल कोण मारणार? तुझा बाप?" सुपनेकर एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. "गनिमानं बोलावून आणलाय त्याला! रशीद, कागद घे."

"मी जुळवणारा. लिहिणारा न्हाई."

"माझा हात थरथरतो, आणि माझं लिहिलेलं फक्त तूच वाचू शकतोस. म्हणजे पुन्हा तुझ्याच हातात जाणार. त्यापेक्षा आत्ताच लिही!"

रशीदभाईंनी सातवं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. अक्षर सुरेख, सरळ, छापल्यासारखं. सुपनेकर एक वाक्य सांगत, रशीदभाई मान हलवून म्हणत, "असं नको," मग भांडण, मग पुढचं वाक्य. फोन टीपॉयवर उघडा. अर्ध्या तासानं जैतबा शिंगराच्या पाठीवर होता आणि चौकी मागं पडली होती. रशीदभाईंनी पहिल्यापासून पान वाचून दाखवलं.

"पुन्हा वाचा," फोनमधून आवाज आला.

पुन्हा वाचलं.

"सुध्या," आत्या म्हणाली, "माझी निळी शाल कुठं ठेवलीयस? पिशवीत घालायचीय."

खाली गेटवर रखवालदार वाट बघत होता. मी अंगठा वर केला. त्यानं तिथंच परभणीला फोन लावला.

गुरुवारी दुपारी आत्यानं डोळे उघडले. डॉक्टर वाकून म्हणाले, "आजी, कसं वाटतंय?" आत्यानं त्यांना बाजूला सारून मला शोधलं. जीभ अजून जड होती.

"शिंगराचं नाव काय ठेवलं?"

मी बाहेर जाऊन वाकडला फोन केला. रशीदभाईंनी उचलला. ते आता बहुतेक तिथंच असतात. मी प्रश्न विचारला, त्यांनी मागं वळून तो मोठ्यानं विचारला, आणि पुढची पाच मिनिटं मला फक्त आरडाओरडा ऐकू आला. एकाला मर्दानी नाव हवं होतं, दुसऱ्याला आईच्या नावाची आठवण ठेवणारं. टेबलावर काहीतरी आपटलं. मी फोन ठेवला आणि आत येऊन आत्याला सांगितलं की अजून ठरायचंय.

तिनं डोळे मिटून घेतले.

"घाई नाही म्हणावं," ती म्हणाली. "मी थांबते."